सदतीस नंबरच्या घराची फाइल

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवी नोकरी, नवं घर आणि नवी वही, तिन्ही एकाच दिवशी. बासष्टाव्या वर्षी माणसाला कुणी कामावर घेतं यावर हिचा अजून विश्वास बसलेला नाही. ऑफिसातल्या मॅडम खरंच पगार देणार आहेत की म्हाताऱ्याची गंमत करताहेत, असं सकाळपासून दोनदा विचारून झालं.

काम माझ्या आवडीचं आहे. या वसाहतीतली चारशे बारा घरं मोजून झाली आहेत. कॉम्प्युटरवर त्यांचे नकाशे तपासायचे आणि प्रत्येकाची छापायची फाइल तिथेच करून ठेवायची. राहायला त्यातलंच सदतीस नंबरचं घर मिळालंय. पुढची खोली, झोपायची खोली, स्वयंपाकघर, शिलाई मशीन मावेल एवढी एक लहान खोली आणि मागे व्हरांडा. हिनं सामान सोडायच्या आधी व्हरांड्यात कुंड्या मांडल्या. छत्तीस नंबरच्या काकूंनी कुंपणावरून पाण्याची वेळ सांगितली, आणि हिनं त्यांना लगेच ब्लाउजचं माप विचारलं. झाली मैत्री.

वहीत माझी निंदा लिहू नका, असं हिचं बजावणं. म्हटलं, निंदा राहू दे, तुझं नावसुद्धा लिहीत नाही. एकोणचाळीस वर्षांत ते तोंडातून निघालं नाही, ते आता हातून कुठलं निघायला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझ्या आधी या खुर्चीवर जो होता त्यानं फायलींचा उकिरडा करून ठेवलाय. नकाशा छापताना दर वेळी कॉम्प्युटर नाव विचारतो, आणि हा गडी मनाला येईल ते देत गेलेला. बारा फायनल. बारा फायनल नवीन. बारा एकदम फायनल. बारा हेच घ्या. एका घराची सात-सात पोरं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. खणात त्याच्या हातची चिठ्ठीही सापडली: जुनं पुसू नका. मोठ्या छपाई यंत्रावर बसणारा दिवसभर शिट्टी वाजवतो म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. त्याला विचारलं, तो माणूस गेला कुठे. त्यानं खांदे उडवले आणि शिट्टी पुढे चालू.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज कॉलर ताठ. चार दिवस पुस्तक उघडून, चुकत माकत, एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट असते, तिच्यात घराचा नंबर असतो. माझा प्रोग्राम तो नंबर उचलतो, फाइलला तेच नाव देतो आणि छापून मोकळा. एक घर, एक नाव. रोज सकाळी नऊला सगळी घरं नव्यानं छापली जातील, म्हणजे दुरुस्त्या आपोआप येतील.

एकच कटकट होती. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का, असं तो प्रत्येक घराला विचारायचा. चारशे वेळा 'हो' दाबायला मी काय घड्याळाचा लंबक आहे? त्याला शिकवून टाकलं: विचारू नकोस, सरळ वर लिही. मग आधीच्याचा सगळा उकिरडाही पुसला. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं, की साठी उलटलेला माणूस तुमच्या नाकावर टिच्चून शिकतो बघा. घरी येऊन हिला सांगितलं. आता आम्हाला ओळख तरी द्याल ना, असा टोमणा मिळाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सदतीस नंबर, म्हणजे आमचंच घर, कौतुकानं उघडून पाहिलं. नकाशात मागचा व्हरांडा नाही. काढणारा विसरला असेल म्हणून जुनी प्रत शोधली. जुनी प्रत कुठली, तिच्यावर नवी लिहून झालेली.

घरी आलो. मागचं दार उघडायला गेलो तर तिथे भिंत. रंगसुद्धा जुना, पोपडे आलेला. हिला विचारलं, कुंड्या कुठेत. कुठल्या कुंड्या, या घरात ऊन कुठे येतं, म्हणाली.

मी घाबरायला हवं होतं. भूक लागली होती, जेवलो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

यादीत आता चारशे अकरा घरं आहेत. रस्त्यावर पस्तीसनंतर सदतीस. मध्ये फट नाही, भिंतीला भिंत. शिट्टी म्हणतो पहिल्यापासून असंच आहे. छत्तीसच्या काकूंचा चेहरा आठवायला बसलो, आला नाही. वहीत त्या आहेत म्हणून मला माहीत.

आधीच्याचा तो उकिरडा नव्हता. प्रत्येक घराची जास्तीची प्रत ठेवून तो घरं धरून बसला होता. मी ती पुसली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

लहान खोली गेली. मशीनही. ही पुढच्या खोलीत बसते आणि दोन्ही हात मांडीवरून हळूहळू पुढे सरकवते, अदृश्य कापड सुईखाली सारावं तसे. काय करतेस विचारलं तर हातांकडे पाहते, आणि काही नाही म्हणते.

मला रडू येत नाही. माझी काही तक्रारही नाही. लिहून ठेवतो आहे इतकंच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आजचा नकाशा — पुढची खोली आणि स्वयंपाकघर. झोपायची खोली पुसट. रेघा तुटक.

प्रोग्राम बंद करायला गेलो. तो मॅडमनी मोठ्या मशीनवर हलवलाय, माझ्याच्यानं थांबत नाही. मॅडमकडे गेलो, घर कमी होतंय म्हटलं. त्या मायेनं बोलल्या. म्हणाल्या, आजोबा, तुम्हा एकट्या माणसाला तेवढं घर पुरे ना.

एकट्या.

धावत घरी. ही होती. झोपायच्या खोलीत चहा पीत. एवढं धापा टाकायला काय वाघ लागला मागे, म्हणाली.

परत ऑफिसात जाऊन एक ओळ बदलली. तेवढीच माझ्या हातात आहे. सदतीस नंबर आला की त्यानं पुन्हा विचारायचं. 'नाही' म्हटलं की तो नवीन नाव मागतो. नवं नाव दिलं की जुनी फाइल शाबूत. शनिवार-रविवार ऑफिस बंद, आता सोमवारी नऊला विचारेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

बाहेरगावी जाऊ म्हटलं. ही उंबऱ्यापर्यंत येते, कशाला आलो ते विसरते, आत जाते. चार वेळा. हात धरून ओढलं तर मीच विसरलो, कुठे निघालो होतो ते.

मग हिला वही वाचून दाखवली. सगळी. मग म्हणाली, नंबराचं नाव कुणालाही लागतं, माझं नाव या चारशे घरांत कुणाचं नाही, तेच द्या त्या फायलीला. आणि उद्या तुम्ही विसराल म्हणून माझ्या हातानं लिहिते, आणा इकडे.

*मशीननं विचारलं की नाही म्हणायचं. नवीन नाव मागेल, तेव्हा माझं द्यायचं. आणि डबा विसरू नका.*

खाली नाव लिही म्हटलं तर हसली. नाव कशाला लिहायला हवं, तुम्हाला ठाऊक नाही का.

सोमवार, २४ फेब्रुवारी

ऑफिसात लिहितो आहे. नऊला पाच कमी. आज डबा नाही. का आणला नाही कोण जाणे. एकट्याचा डबा कोण करणार.

वहीत दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर आहे. वळणदार. बाईचं.

नऊ वाजले —

विचारतोय. सदतीस नावाची फाइल आधीच आहे. वर लिहू का?

मागची पानं वाचली. कुणीतरी होती. 'नाही' दाबलं. बरोबर केलं असावं.

नवीन नाव द्या, म्हणतो.

वही पहिल्यापासून चाळली. हिचा विश्वास. हिनं कुंड्या. हिला सांगितलं. सगळीकडे ही, हिनं, हिला — एकदाही —

शिट्टी थांबली आहे. शिट्टी म्हणतो, आजोबा, काहीतरी टाका आणि सोडा, सगळी रांग अडकली. काहीतरी नको. तिचंच. एकोणचाळीस वर्षं — तोंडातून नाही, हातून नाही —

बोटं ठेवली आहेत. पहिलं अक्षर