कोरडे डोळे आणि बारशाची कुंची

आये, तू पणजी झालीस. माझ्या लेकीला मुलगी झाली. नाक अगदी तुझ्यासारखं बसकं, आणि रडायला लागली की पार खळ्यापर्यंत ऐकू जातं. लेक घोरावाडीहून बाळंतपणाला इथं मळवलीला आली तेव्हापासून मी हवेतच आहे. पण या डोळ्यांनी सगळ्या आनंदाची माती केली बघ. बारशाला आजीच्या हातची कुंची पाहिजे, माझ्या लेकीला तूच शिवली होतीस, आणि मला सुईत दोरा ओवता येईना. थंडी पडली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, मग पाणी गळतं, मग सगळं धूसर. लेक म्हणते, "राहू दे गं आई, मोबाईलवरनं मागवू. दारात येतीया." दारात पाववाला पण येतो, मग त्यालाच आजी म्हणायचं का?

शेवटी माझ्या पोरानं लोणावळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, "आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत." मी म्हटलं, "अवो बाई, पदर पिळून दावू का? आन् कोरडे म्हनताय?" ती हसली. म्हणाली, "कोरडे पडतात म्हणूनच पाणी येतं. ते नुसतं वाहून जातं, ओल टिकत नाही." हे मात्र पटलं मला. बांध फुटलेल्या खाचरातून पाणी वाहतं आणि भात तहानलेलाच राहतो, तसंच की. पण मग ती म्हणाली, धुरात बसू नका, वाऱ्यात चष्मा लावा, काजळ नको, शिवताना मधेमधे डोळे मिटा, पाणी पीत जा, कोमट फडक्यानं शेका आणि हे थेंब घाला. माझं डोकंच फिरलं. अगं, मी तुंगार्लीला बंगल्यावर कामाला. थंडीत आलेल्या पाहुण्यांना आधी शेकोटी लागते, चहा नंतर. ओली लाकडं फुंकायची मी, धूर खायचा मी, आणि वरून तळ्यावरचा गार वारा. बरं, पोराच्या मागे गाडीवर काळा गॉगल लावून निघाले, तर नाक्यावरची चहावाली ओरडली, "मावशे, शूटिंगला निघालीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय, हिरवीन आजारी हाय, मला बलावलंय." ती हसली, मी हसले, पण आतून लय चिडले होते.

शेकायचं म्हटल्यावर तू आठवलीस. मळणीचे दिवस आहेत, माझ्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलंय, मी चोळायला जाते आणि तू हातावर फटका मारतेस. "चोळू नगं, फुटंल डोळा!" मग पदराचा बोळा करून तोंडाशी धरतेस, ऊन वाफ सोडतेस आणि माझ्या पापणीवर ठेवतेस. मिसरीचा वास यायचा त्याला. पण तुझेही डोळे थंडीत लालच असायचे की गं, चुलीपुढे बसून बसून. आम्हाला वाटायचं, आईची झोप झाली नाही. तू एका शब्दानं बोलली नाहीस. त्याचाच राग येतो मला. तुला सुई कशी दिसायची, ते आता कुणाला विचारू?

थेंबांचं तर बोलूच नको. बाटली वर धरली की डोळा आपला मिटतो. थेंब कधी गालावर, कधी कानात. अर्धं औषध उशीनंच प्यायलं. शेवटी लेक वैतागली. "हिकडं ये, डोकं ठेव." बाजेवर बाळंतीण, एका मांडीवर बाळ, दुसऱ्या मांडीवर माझं पांढरं डोकं. "आढ्याकडं बघ. हलू नको गं, तुझ्यापरास तुझी नात शाणी." गार थेंब पडला, मी ओरडले, बाळ दचकलं, आणि तिनं आम्हा दोघींनाही थोपटलं.

मग बंगल्यावरची शेकोटी पोरगा पेटवायला लागला आणि मी उन्हाला बसून थोडं थोडं शिवत गेले. दोन टाके घालायचे, डोळे मिटून बसायचं, परत दोन टाके. मला काही सुधरत नव्हतं, पण झाली कुंची बारशाच्या आत. मागची शिवण पार वाकडी. जाऊबाईंनी उलटीपालटी करून बघितली. "शिवण हाय का वढा?" मी म्हटलं, "वढा तर वढा, माजा हाय." पोरगी तिच्यात गपगार झोपली.

सव्वा महिना झाला की लेक सासरी जाईल. हे पत्र टाकायला, तू गेलीस त्या गावाला टपाल नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला आता थेंब घालता येतात. परवा बंगल्यावर आरशापुढं उभी राहून एकटीनं घातले. पण घरी आले की बाटली घेऊन लेकीच्या बाजेपाशी जाते आणि म्हणते, मला जमत न्हाई गं.