पत्री पुलाचा उतार

संचिता,

नऊ तारखेला तुझी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी तीनचाकी मोटरसायकलला ट्रेलर जोडत होतो. त्यानंतर आज पहिल्यांदा जोडला. खडकपाड्याच्या सोसायटीला झाडांच्या वीस कुंड्या द्यायच्या आहेत, आता आणखी थांबणार नाहीत ते.

मला वाटेतल्या पत्री पुलाच्या उताराची भीती वाटते. तिथे भरलेला ट्रेलर मागून गाडीला ढकलतो. तो डुलायला लागला की मागे बसलेली आई माझ्या पाठीवर थाप मारायची. म्हणायची, "अहो, हळू. झाडांना कुठे ऑफिस गाठायचंय?" आता मागे बघणारं कोणी नाही. आरशात ट्रेलरची चाकं दिसत नाहीत. काल दोनदा रिकामी गाडी घेऊन पुलापर्यंत गेलेलो आणि तिथूनच परत आलो. तुला सांगितलं नाही.

भात कुकरमध्ये आहे, आमटी गरम करून घे. बारापर्यंत माझा फोन आला नाही तर सुदेशमामाला पुलाकडे पाठव. तू एकटी येऊ नकोस.

ट्रेलर गाडीला एकाच पिनेवर जोडलेला आहे. पिन निसटली तर ट्रेलर सुटू नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून जादा साखळी लावून घ्यायची होती, ती अजून लावलेली नाही.

बाबा