चाटलेला चमचा

वन्सं,

छोटीला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात जातेय. घाबरू नका, आणि तुमच्या भावाला लगेच फोनही करू नका.

तुम्ही कामावर गेलात आणि छोटीला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. औषधांच्या कपाटाची किल्ली तुम्ही रोज पर्समध्ये नेता, आज ती कुलपालाच लटकत होती. मी खोकल्याचं औषध काढलं, तिला एक चमचा पाजलं, बाटली आत ठेवून कुलूप लावलं. इथपर्यंत शहाण्यासारखं वागले. मग चमच्याला लागलेलं औषध चाटलं. तिला भरवून झालं की चाटते, तसंच. आता ही आईची सवय की ती दुसरी, मलाच कळेना. याच औषधाच्या बाटल्याच्या बाटल्या रिचवायचे ना मी! डोकं नुसतं भणभणतंय.

तुम्ही म्हणाल, एवढ्या थेंबाने काय होतंय? नाहीतर म्हणाल, झालं, पुन्हा सुरू! दोन्ही मला आत्ता ऐकवणार नाही. केंद्रातल्या बायकांना विचारते, त्याही पोरांना भरवतात. आधीच्या केंद्रात सगळे पुरुष, वर पोरीला घरी ठेवून या म्हणायचे. म्हणून तर तिथून पळाले. या केंद्रात मायलेकींना एकच खाट देतात.

दूध तापवून झाकलंय. चमचा तसाच ओट्यावर आहे, बाटलीही बघून घ्या.

किल्ली चिठ्ठीखाली ठेवलीय. आज विसरलात, की माझ्यावर विश्वास टाकून ठेवलीत? विसरला असाल, तर मला सांगू नका.

छोटीची आई