रायफलीतलं मला कळतं

३ फेब्रुवारी १९५३
महाल भागात जागेश्वरच्या जुन्या सामानाच्या दुकानात रायफल पाहिली. मूळची मिलिटरी. कुणा शौकीन साहेबानं पुढचं लाकूड कापून, पॉलिश मारून शिकारी करून घेतलेली. एका नजरेत ओळखली. भोसल्यांच्या काळापासून घराण्यात शस्त्र होतं म्हणे, तेव्हा पारख रक्तातच असणार. लायसन गेल्या वर्षीच काढून ठेवलंय. लोक आधी बंदूक घेतात आणि मग कचेरीत खेटे घालतात. मूर्ख.

जागेश्वर म्हणे, साहेब, तुमाले कळते म्हणून दाखवून राहिलो, बाकीच्याइले दाखवतच नाही. प्रामाणिक माणूस.

४ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. धाकट्या बहिणीच्या, चारूच्या लग्नाचं बोलायला कामठीचे रिटायर्ड सुभेदार देवराव पंधराला येताहेत. मुलगा त्यांचा एकुलता एक. चारूला पसंत आहे. फक्त सुभेदारांनी हो म्हणायचं बाकी. अशा लढवय्या माणसापुढे काय शेला-पागोटं ठेवायचं? रायफल ठेवायची!

पैशाचा प्रश्न नाही. चारूच्या शिलाई मशीनसाठी ठेवलेले आहेत. कामठीत लोकांची पोलकी शिवून स्वतःच्या पायावर उभी राहीन म्हणते. सुभेदारांच्या सुनेनं पोलकी शिवायची? हॅट्!

६ फेब्रुवारी, संध्याकाळी
घेतली. नीट तपासूनच. पॉलिश: फर्स्ट क्लास. बॅलन्स: उत्तम. पट्टा: अस्सल चामडं. काडतूस बसतं त्या जागी नळीला आरपार एक गोल भोक आहे, सुबक पाडलेलं. गरम हवा बाहेर जायला. इंग्रजाचं डोकं ते इंग्रजाचंच!

प्रमोदिनीनं विचारलं, अहो, मग बार उडाला की जाळ तोंडावर नाही का येणार? बायको म्हणून बरी आहे, पण सायन्स नाही.

चारूला मशीनचं सांगितलं. ती आत निघून गेली. मान्य असावं.

९ फेब्रुवारी
सचिवालयात रायफलींवर तासभर बोललो. सगळे थक्क. हेडक्लार्क नत्थूजींनी मध्येच विचारलं, काय गा विश्वनाथ, चालवून पाहिली का? म्हटलं, पारखी माणसाला चालवून पाहावी लागत नाही.  मग म्हणाले, फाईल कुठं आहे?

११ फेब्रुवारी
पहाटे गच्चीवर नेमबाजी. काडतुसं अजून आणली नाहीत, पण तेवढ्यानंही उजवा खांदा दुखून आला. केवढी ताकद असेल! शेजारच्या गोदूबाई ओरडल्या, काहून जी, माह्या पपईवर काहून नेम धरून राहिले? अडाणी शेजार.

उद्यापासून रोज पहाटे पाचला.

१२ फेब्रुवारी
खांद्याला शेक. आज सुट्टी.

१५ फेब्रुवारी
सुभेदार आले. चहा झाल्यावर मी लाल कापडावर रायफल ठेवली. भाषण पाठ केलं होतं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी रायफल उचलली, उजेडाकडे धरली, भोकातून माझ्याकडे पाहिलं.

म्हणाले, सारी नोकरी अशाच रायफलीवर रंगरुटाइले कवायत शिकवली. नव्या पोराच्या हातून गोळी सुटू नये म्हणून हे भोक मुद्दाम पाडतात. हिच्यातून गोळी झाडाल तर तोंडच जाईल. मी भीत भीत किंमत विचारली. म्हणाले, पट्टा चांगला आहे.

मग आवाज चढला. काहून जी, हे कोणं घेतली? माह्या घरी हे पाठवत होते? पोराच्या हाती लागली असती तं?

 सोयरीक गेलीच, असं वाटलं.  तेवढ्यात आतून चारू आली. म्हणाली, मीच म्हटलं होतं दादाले, भिंतीवर लावाले आणून दे म्हणून. दादाले ठाऊक होतं की हे चालत नाही.

सुभेदार तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग रायफल खाली ठेवली आणि म्हणाले, पोरगी पसंत आहे.

सगळे आनंदात. मी मात्र हातातला पेढा ताटात परत ठेवला. लाज वाटली. खरंच वाटली. तिच्या मशीनच्या पैशांची ही रायफल, आणि तीच मला वाचवायला उभी.

(तसं पाहिलं तर लग्न रायफलीमुळंच ठरलं.)

१७ फेब्रुवारी
जागेश्वर रायफल परत घेत नाही. म्हणे, साहेब, तुमीच तं पारखून घेतली. उद्धट माणूस. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

२१ फेब्रुवारी
सायकल विकली. आता सचिवालयात पायी. तब्येतीला चांगलंच.

पैसे चारूच्या हातात ठेवले. म्हटलं, उद्या मशीन बघायला मी येतो, मशीनमधलं मला थोडंफार कळतं. ती पहिल्यांदाच हसली, माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दादा, मी न् वहिनी जातो. तू घरीच राह्य.