पट्ट्याची चार भोकं

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं कळवलं नाही, कारण रागावले होते. अजूनही आहेच. आईला जाऊन महिना झाला. चार महिने आधी आणायला हवं होतं, हे डॉक्टरांचं वाक्य डोक्यातून जात नाही. आठ महिन्यांनी मी आले आणि दारातच दिसलं, ती वाळून निम्मी झालीय. तू तिच्याबरोबर एका घरात राहून म्हणालास, जाणवलंच नाही. म्हणून सगळ्यांसमोर बोलले तुला.

तिचं घड्याळ मी आणलंय. आज पट्टा पुसताना चार जादा भोकं दिसली. ती कुणी पाडली? खरं काय ते लिही.

रागातही तुझीच,
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर आडवा होतो. कूस बदलली की खोली गरगर फिरायची. वीस वर्षं लिफ्टच्या टपावर उभं राहून दुरुस्त्या करणारा माणूस पलंगाची कड धरून बसला होता. हसायचं तर हस. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाच्या आत चिकट गादीवर खडूच्या कणांसारखे बारीक खडे असतात. आपण हललो की ते जरा मागे रेंगाळतात, खालचे केस वाकतात, आणि आपण हललो हे कळतं. माझे काही खडे भलतीकडे जाऊन बसले होते. बाईंनी डोकं वळवून वळवून ते ठिकाणावर आणले.

मी विचारलं, मग लिफ्ट सुटताना आणि थांबतानाच का कळते? मध्ये डोळे मिटले तर ती चाललीय की उभी आहे, सांगता येत नाही. नव्या कारागिराला आम्ही पहिलं हेच शिकवतो, अंगावर विसंबू नकोस, मजल्याचे आकडे बघ. बाई म्हणाल्या, वेग एकसारखा राहिला की खडे मागे पडत नाहीत. कानाला कळतो तो फक्त बदल.

ठकी, मी आईबरोबर त्याच लिफ्टमध्ये होतो. भोकं मीच पाडली, माझ्या टोच्याने. ती म्हणायची, पट्टा सैल झालाय रे. मी म्हणायचो, चामडं ताणतंच. आकडे माझ्या हातात होते आणि मी दोष दिला पट्ट्याला. आता सगळं थांबलंय, तेव्हा कळतंय किती खाली आलो. तू बोललीस ते सोसवत नाही, पण ते खोटं नव्हतं.

जमेल तेव्हा दोन ओळी टाक.

तुझा,
दादा

२६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि पट्टा खिडकीशी नेऊन बघितला. तीन भोकं गोल आहेत, टोच्याची. सगळ्यात पहिलं मात्र लांबट आहे, कडा फाटलेली. ते कात्रीच्या टोकाचं आहे, माझ्या कात्रीच्या. त्या आठ महिन्यांच्या आधीच्या भेटीत, निघायच्या घाईत मीच पाडलं होतं, आणि साफ विसरले. मीही तिला म्हणाले होते, आई, पट्टा ताणलाय. दिवसभर लोकांची मापं घेऊन कपडे शिवते मी, दादा, आणि आईचं मनगट हातात धरून मला कळलं नाही.

दुसरं भोक पाडताना पहिलं तुला दिसलंच असणार. तरी चारही आपल्या अंगावर घेतलीस.

रविवारी येते. बोलले सगळ्यांसमोर, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागेन. तोवर कूस जपून बदल आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी