दाजींच्या मानाचं जाकीट

लातूर, १० एप्रिल २०२५

ती. दादास, रुक्मिणचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण हे दिवसभर फोनपाशीच बसून राहिलेत, म्हणून पत्र.

सत्यमच्या लग्नासाठी मामाचा आहेर म्हणून तू नांदेडहून शिवून पाठवलेला सूट पोचला. कापड लई झ्याक. सोबतचं बिनबाह्यांचं जाकीट ह्यांनी लगेच नेहरू शर्टावर चढवलं. म्हणाले, अठ्ठावीस वर्षांनी का होईना, मेव्हण्यानं माझा मान ओळखला. चार दिवस तेच घालून गंजगोलाईच्या बाजारात फिरले. मीही खूश होते रे.

काल कुणीतरी म्हणालं, लक्ष्मणराव, पाठ लई चकाकते. आरशात बघतात तर पुढं सुटाचं भारी कापड आन् मागं नुसतं अस्तर! तवापासून तोंड फुगवून बसलेत. मुखेडकरांनी पुढून मान दिला आन् मागून कापड वाचवलं, म्हणतात. पाठ बदलून आली न्हाई तर अर्धापूरला लग्नाला येणार न्हाईत, वऱ्हाड मामानंच न्यावं म्हणे. पोराचा बापच मांडवात नसला तर कसं व्हायचं? जिवाला घोर लागलाय. एवढा चिक्कूपणा कशाला केलास रे?

वहिनीला नमस्कार. भांडले तरी बहीण तुझीच, माया पातळ करू नको.

रुक्मिण


मुखेड, १४ एप्रिल

चि. सौ. रुक्मिणीस अ. उ. आ.

अगं येडे, ते जाकीट दाजींचं न्हाईच! कोट, पँट आन् जाकीट, सगळा मिळून सत्यमचा सूट हाय. पोरानं मोबाईलवर फोटो दाखवून मागितला व्हता. वरून कोट येतो, म्हणून जाकिटाच्या पाठीला अस्तरच लावतात. शिंपी माणिकप्पाला इचार. मी सूतभरबी कंजूषी केली न्हाई.

पण दाजींना सांगायचं कुणी? तुमच्या लग्नात फेटा आखूड पडला म्हणून तीन वर्षं त्यांनी मुखेडची वेस ओलांडली न्हवती. आता बाजारभर मिरवलेलं जाकीट पोराचं निघालं, तर ह्या जन्मी तोंड दाखवायचे न्हाईत. तू गप ऱ्हा. सत्यमला म्हणावं, जाकिटाबिगर सूट घाल, मामा पाया पडतो. पाठ मी बदलून देतो. दाजी मांडवात आले पाहिजेत, बस्स. पत्र वाचून चुलीत घाल.

दाजींना नमस्कार सांग, पण जपून.

ग्यानोबा


लातूर, १९ एप्रिल

ती. ग्यानोबारावांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. बायकोच्या नावाचं फोडू न्हाई, पण मुखेडचा शिक्का बघून धीर धरवला न्हाई. वाचलं आन् दोन तास खोलीतून बाहेर आलो न्हाई.

मग सत्यमला बोलावून इचारलं. म्हणाला, बाबा, मला पहिल्या दिवशीच ठाऊक व्हतं, पण तुम्हाला एवढं खूश कधी बघितलं न्हवतं, मग मागू कसं? ग्यानोबाराव, मी एका फेट्यासाठी तीन वर्षं रुसलो आन् हे पोरगं! लई लाज वाटली. डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

माणिकप्पाला काही सांगू नका, अस्तर हाय तसंच ऱ्हाऊ द्या. वऱ्हाड घेऊन मीच येतो. तुम्ही तेवढे आदल्या दिवशी अर्धापूरला पोचा.

आज सत्यमनं सूट घालून बघितला. जाकिटाची बटणं मीच लावली. खालचं बटण उघडं ठेवायची रीत हाय म्हणून पोरगं सांगत व्हतं. असली कसली रीत? बटण उघडं दिसलं तर लोक म्हणतील, नवरदेवाला बाप न्हाई का. लावून टाकलं.

तुमच्याच घरचा,
लक्ष्मणराव