ठकीचं पाचवं वेत

१२ सप्टेंबर, शुक्र.
दुपारी पार्लर रिकामं. माझ्या कुत्रीला, ठकीला, टेबलावर घेतली. पाठीवरचे केस पिकलेत, चिमटीत धरले की सुटून येतात. बोटांना पावडर लावून तासभर उपटत बसले. मशीन फिरवलं तर दहा मिनिटांचं काम, पण मग या श्नॉझर जातीचा राठ केस मऊ पडतो, मीठ-मिरीचा रंगही जातो, उरतो राखाडी बोळा. माझ्या हातून नाही होणार ते. वीस वर्षं दोऱ्याने भुवया कोरतेय, मला कसला आलाय कंटाळा.

आयब्रोला आलेली एक पोरगी म्हणे, "ताई, दिवसभर आमच्या मिश्या काढता आणि हिची वाढवता?" म्हटलं, हो. तिला शोभते.

संध्याकाळी केळव्याहून सतीशचा फोन. माहेरचा शेजारी, मानलेला भाऊ; कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकतो. "ताई, लक्ष ठेव हां. महिन्याभरात येल ती हीटवर. आली का लगेच सांग, नर घेऊनच येतो." मी म्हटलं, बरं.

बरं कसलं, बाई! पण कबूल मीच केलं होतं. गेल्या भाऊबीजेला ओवाळलं त्याला, आणि त्याने ही ताटासमोर आणून बसवली. "घे ओवाळणी. एक वेत मला द्यायचं, मग कायमची तुझी. नाय जमलं तर कुत्री परत." मी दाढी बघितली, डोळे बघितले आणि हो म्हटलं. वय विचारलं नाही, आधी किती वेळा व्यायली विचारलं नाही. भाजीवालीकडे मेथीची जुडी चारदा उलटून बघते मी.

मार्चमध्ये आली होती हीटवर, माजावर. तेव्हा तोच म्हणाला, राहू दे या वेळी, अंग भरू दे तिचं. वाईट नाही तो. तेच तर.

१६ सप्टें., मंगळ.
बँकेतल्या मॅडम आल्या फेशियलला. ठकीला बघून त्यांना श्नॉझरच हवाय आता. सतीशकडे पिल्लं आहेत, रविवारी जाऊ म्हटलं. वाफ घेता घेता विचारतात, कसं निवडायचं? सांगितलं सगळं. धावत येऊन अंगावर चढतं ते नको, कोपऱ्यात थरथरतं तेही नको. चाव्यांचा जुडगा खाली टाकायचा. दचकून मागे सरतं आणि परत हुंगायला येतं, ते घ्यायचं. आणि सगळ्यात आधी आई बघायची.

हे शहाणपण मला ठकीच्या वेळी कुठे गेलं होतं कोण जाणे.

नवऱ्याला, प्रकाशला, जेवताना सांगितलं. तो हसला. कंपनीत नवा पंप घेताना पण आम्ही तुझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो म्हणाला. ठकी त्याच्या सेफ्टी शूजवर मान टाकून झोपलेली. दाढी हळदीने पिवळी. पुन्हा आमटीत तोंड घातलं भवानीने.

२१ सप्टें., रवि.
केळवे. मॅडमची गाडी, ठकी माझ्या पायाशी. सुपारीच्या वाड्या लागल्या तोवर मजेत, काचेला नाक लावून. सतीशच्या वाडीचं वळण आलं आणि ती सीटखाली घुसली. थरथर, थरथर. तिथेच सू केली. वर्षभरात कधी घरात नाही केली तिने. मॅडम चप्पल वर उचलून "असू दे, असू दे" म्हणत होत्या.

ती गाडीतून उतरलीच नाही.

कुत्र्यांच्या खोल्या स्वच्छ. पंखे आहेत, फरशी रोज धुतो, स्वतः धुतो. खोटं कशाला लिहू. मॅडमनी जुडगा टाकला, एक मादी मागे सरून परत आली, तीच घेतली. मी पिल्लांची आई बघत होते. पोट लोंबलेलं, आचळं जमिनीला लागायची बाकी. ती माझ्याकडे बघेना, पिल्लांकडेही बघेना. तीन वर्षांची आहे म्हणे.

ठकी सात वर्षांची आहे. चार वेतं झालीत. आज विचारलं, तर त्याने लगेच सांगितलं. लपवलं नव्हतंच त्याने.

२४ सप्टें., बुध.
पालघरला डॉक्टरीणबाईंकडे. ठकीला उताणी केली, पोटावरून बोट फिरवलं. "मागच्या वेळी पोट फाडून पिल्लं काढलीयत हिची." तो व्रण मी दर आंघोळीला बघते. काटेरी कुंपणात ओरखडलं असेल, असं धरून चालले होते. मूर्ख बाई.

सरळ विचारलं, पाचवं झेपेल का? म्हणाल्या, "पिल्लं होतील कदाचित. ही राहील याची खात्री मी देणार नाही." मग गर्भाशय काढायचं ऑपरेशन. पण हीट तोंडावर आलीय, ती उलटून दोन-अडीच महिने जाऊ देत, डिसेंबरात करू. तोवर नर लागू द्यायचा नाही.

येताना रिक्षात ती मांडीवर. ठरलं. नाही देणार.

२९ सप्टें., सोम.
सकाळी फरशीवर ठिपके. आली.

पार्लरच्या जुन्या टॉवेलची चड्डी शिवली, शेपटीला भोक ठेवून. मागे नाडी. गिऱ्हाइकं हसून बेजार. शटरबाहेर गल्लीतले पाच कुत्रे ठाण मांडून, त्यातला एक तीन पायांचा, त्याची उमेद सगळ्यांत मोठी. झाडू घेऊन बसलेय. एमआयडीसीतून सुटलेला एक कामगार थांबून बघत राहिला. "दीदी, ये बकरी है या कुत्ता?" म्हटलं, "औरत है. आगे चलो."

प्रकाशचा सल्ला: सतीशला सांगायचंच नाही. विचारलं तर अजून आली नाही म्हणायचं. किंवा सांगायचं, गल्लीतला कुत्रा लागला. किंवा डॉक्टर म्हणाले हिला आता पिल्लं होत नाहीत. "एक काहीतरी सांग ना. भांडण कशाला?" बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने भांडण कशाला याखेरीज दुसरं तत्त्वज्ञान सांगितलं नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
सतीशचा फोन. "आली काय गं?"
"नाही रे. अजून नाही."
सांगून टाकलं. इतकं सोपं गेलं की मलाच शिसारी आली. ठकी चड्डी घालून समोर बसलेली, दाढीतून पाणी टपकतंय, बघतेय माझ्याकडे.
तो म्हणाला, "बरं बरं. तू लक्ष ठेवशीलच, मला काय ठावं नाय काय."
त्याने संशय घेतला असता तर बरं वाटलं असतं.

८ ऑक्टो., बुध.
मुरब्याची जयवंतीकाकी आली, नेहमीसारखी माशांची पाटी पायरीवर टेकवून. ठकीसाठी बिनकाट्याचं काहीतरी बाजूला ठेवते ती, मी उकडून देते. तेल अजिबात नाही, या जातीला पचत नाही. दाढीमुळे काकी ठकीला म्हातारा म्हणते. "म्हाताऱ्याला चड्डी कशाला घातली?" मग सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही.

काकी मासे निवडता निवडता बोलत होती. "माझं पाचवं पोर झालं ना, तवा दवाखान्यात मीच सांगितलं, आता बस. करून टाका ऑपरेशन. सासू तीन महिने बोलली नाय. मी काय मेले त्याने? ऱ्हायले उभी." मग सुरी माझ्यावर रोखली. "पण मी चोरून नाय केलं. तू काय चोरी केली हाय? शब्द मोडायचा ना? तर तोंडावर मोड."

दिवसभर डोक्यात तेच. एका मुलीची डावी भुवई बारीक झाली. फुकट हेड मसाज करून दिला.

१९ ऑक्टो., रवि.
हीट संपली. चड्डी धुऊन वाळत घातली. बाहेरचे कुत्रे पांगले. एकदाही दार उघडं राहू दिलं नाही. लढाई जिंकले म्हणावं तर अर्धीच. तीही खोटं बोलून.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.
माहेरी, केळव्याला.

दादाला ओवाळलं. मग सतीश पाटावर बसला, नवा शर्ट, डोक्यावर रुमाल. निरांजन पेटलेलं, ताट माझ्या हातात. म्हटलं, "आधी ऐक. मग ओवाळून घ्यायचं का ते ठरव." आणि सांगितलं. हीट येऊन गेली. मी खोटं बोलले. ठकी तुला वेत देणार नाही, यंदा नाही, कधीच नाही. डिसेंबरात ऑपरेशन.

तो पाटावरून उठला. ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते.
"शब्द दिला होता तू."
"दिला होता. मोडतेय. डॉक्टरवर ढकलत नाही, प्रकाशवर ढकलत नाही. मी मोडतेय."
"मग कुत्री परत दे. तसंच ठरलं होतं."
"ओवाळणी परत मागतोस?"
"ओवाळणी नव्हती ती. बोली होती."
"दोन्ही होतं, सतीश."
"मी काय मारतो काय तिला? लेकरागत ठेवली. तिच्या जिवावर घर चाललं माझं, हाय कबूल. म्हणून तर तुला दिली, दुसऱ्या कोणाला नाय दिली."

खरं बोलत होता तो. पण ती सीटखाली घुसली होती, तेही खरं. मी सांगितलं त्याला. त्याने डोक्यावरचा रुमाल काढून खिशात घातला. मग म्हणाला, पुढच्या नाय, त्याच्या पुढच्या रविवारी येतो घेऊन जायला.

दादा माझ्यावरच भडकला. "मला गावात ऱ्हायचं हाय! कुत्रीपायी शेजार तोडते काय?" म्हटलं, कुत्रीपायीच. तुझ्यापायी तोडला असता तर चाललं असतं का?

वहिनी स्वयंपाकघरात गेली. निघताना माझ्या पिशवीत करंज्यांचा डबा होता, मी घेतलेला नव्हता. सतीशला ओवाळायचं राहिलं. लहानपणापासून पहिल्यांदा.

२७ ऑक्टो., सोम.
दादाचा फोन, तिसरा. "देऊन टाक. मी तुला नवीन पिल्लू आणून देतो, कोवळं." जणू मिक्सर बिघडलाय. मी फोन ठेवला. मग परत लावला आणि सांगितलं, मिक्सर नाही तो. त्याला काही कळलं नाही, मिक्सर कुठून आला म्हणे.

खरं सांगू? मी बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. दिला शब्द मोडणारी बाई म्हणून माझ्याच माहेरात ओळखणार आता. सतीशच्या जागी मी असते तर मीही चिडले असते, गाडी घेऊन आले असते. माझ्याकडे न्याय नाही. माझ्याकडे ठकी आहे. खोटी पडले तर पडले. तिच्या पोटावर पुन्हा सुरी चालवायची तर तिच्यासाठी चालेल, पिल्लांसाठी नाही. बस्स.

३० ऑक्टो., गुरु.
सल्ले. बँकेतल्या मॅडम: रविवारी ठकीला माझ्या घरी लपवा. समोरचे मेडिकलवाले: शटर पाडून डहाणूला फिरायला जा. एक गिऱ्हाईक: आजारी आहे सांगा, चिठ्ठी मिळते. सगळ्यांना थँक्यू म्हटलं. कुठे जाणार नाही. रविवारी पार्लर उघडं असतं, उघडंच राहील.

प्रकाशने जेवताना विचारलं, किती वाजता येणार आहे तो? म्हटलं, माहीत नाही. का?
"सुट्टी टाकलीय," म्हणाला. "रविवारची."
भांडण कशाला हे काही म्हणाला नाही. मी त्याला आणखी एक पोळी वाढली, नको म्हणत असताना.

२ नोव्हें., रवि.
सकाळी ठकीला न्हाऊ घातली. दाढी विंचरली, कानातले केस काढले, पायांवरचे सारखे केले. न्यायला आला तर गबाळी नाही दिसणार, आणि राहिली तरी नाही दिसणार. टेबल मुद्दाम दारात घेतलं.

नऊला जयवंतीकाकी येऊन पायरीवर बसली. रविवारी या गल्लीत येत नाही ती कधी. दहाला तीन बायका आयब्रोला, तिघींच्याही भुवया परवाच केलेल्या.

साडेदहाला गाडी. सतीश एकटाच. दारात उभा राहून हाक मारली, तिच्या जुन्या नावाने. मला वाटलं लपेल. ती उडी मारून गेली त्याच्याकडे. शेपटीचा खुंट हलतोय, त्याचा हात चाटतेय. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही. त्याच्याही आलं, त्याने लपवलं.

पाठीवरून हात फिरवला त्याने, केसाच्या उलट्या दिशेने, जाणकारासारखा. "उपटून काढते ना? मशीन नाय लावलं." म्हटलं, नाही लावलं. लावणार नाही. मग त्याने पट्ट्यासाठी हात पुढे केला. मी पट्टा दिला नाही. मनगटाला गुंडाळून घेतला. म्हणाला, ठरलं होतं, ताई. म्हटलं, हो. ठरलं होतं.

प्रकाशने खुर्ची दिली त्याला. तिथेच बसलाय, दारात, तासभर झाला. चहा दोनदा झाला. एक बाई खुर्चीत, अर्ध्या कपाळावर पावडर, म्हणते घाई नाही. ठकी मधोमध फरशीवर, पाय पसरून. तो तिला नेत नाही, उठतही नाही. पट्टा माझ्या डाव्या मनगटाला तीन वेढे घालून आहे, उजव्या हाताने हे लिहितेय.